विठ्ठल : एका नांवाची व्युत्पत्ति आणि त्याचा अर्थ

मुलाचें बारसें ठरलें म्हणजे हल्लीं घरांत नांवांचीं पुस्तकें येतात. त्यांत अकारविल्हे नांवें लावलेलीं असतात आणि प्रत्येक नांवापुढें एका ओळींत त्याचा अर्थ छापलेला असतो. आईबापांनीं ओळींवरून बोट फिरवावें, अर्थ आवडला तर नांव घ्यावें, न आवडला तर पुढें जावें, अशी ही सोय आहे. या पुस्तकांत ‘विठ्ठल’ हें नांव बहुधा सांपडतें, व त्याच्यापुढें ‘विष्णु’ किंवा ‘विटेवर उभा असलेला’ एवढेंच लिहिलेलें असतें. आजोबांचें नांव म्हणून तें घरांत आदरानें घेतलें जातें. परंतु नातवाला तें ठेवण्याची गोष्ट निघाली कीं माणसें कचरतात, आणि कारण विचारल्यास ‘त्याला तसा कांहीं अर्थ नाहीं’ असें उत्तर येतें.

ज्या नांवाचा गजर करीत सात शतकें लक्षावधि माणसें आषाढी-कार्तिकीला पायीं चालत आलीं, त्या नांवाला अर्थ नाहीं असें त्यांच्याच वंशजांनीं म्हणावें, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्यासारखी आहे. आमच्या मतें येथें दोन वेगळे प्रश्न एकांत मिसळले गेले आहेत. शब्द कोठून आला हा एक प्रश्न, आणि शब्द उच्चारणाराच्या मनांत त्यानें काय उभें राहतें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर भाषाशास्त्रानें द्यावयाचें. दुसऱ्याचें उत्तर समाजाच्या इतिहासानें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं ठेवलें म्हणजे नांवांचीं पुस्तकें तयार होतात. या लेखांत ‘विठ्ठल’ शब्दाच्या ज्या व्युत्पत्ति आजवर सांगितल्या गेल्या त्यांचें परीक्षण करून मग अर्थाकडे वळण्याचा आमचा विचार आहे.

व्युत्पत्ति खरी मानण्यापूर्वीं तिला तीन कसोट्या लावाव्या लागतात. शब्दांतील प्रत्येक ध्वनीचा तिनें हिशेब दिला पाहिजे. कालक्रमाशीं तिचा विरोध येतां कामा नये. आणि तो शब्द ज्या ज्या प्रदेशांत नांदतो तेथील त्याच्या अस्तित्वाचा तिला उलगडा करतां आला पाहिजे. ऐकावयास गोड लागणें किंवा भक्तिभावाला साजेसें असणें ही चौथी कसोटी नव्हे.

सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ति विटेची. आईबापांच्या सेवेंत गुंतलेल्या पुंडलिकानें दारीं आलेल्या देवाकडे वीट सरकविली आणि देव तिच्यावर उभा राहिला. विटेच्या स्थळीं उभा तो विठ्ठल. कथा अत्यंत सुंदर आहे. देवानें भक्ताची वाट पाहावी, आणि तीहि भक्त आईबापांची सेवा करीत आहे म्हणून, हा विचार ज्या समाजाला सुचला त्याच्या नीतिकल्पनेविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु शब्दाचा हिशेब जमत नाहीं. ‘वीट’ हा शब्द संस्कृत ‘इष्टका’ यापासून आला. संस्कृतांतील ‘ष्ट’ प्राकृतांत सामान्यतः ‘ट्ठ’ होतो. मुष्टीची मूठ आणि दृष्टीची दीठ झाली ती याच नियमानें. पण उष्ट्र आणि इष्टका हे शब्द या नियमाला अपवाद आहेत, हें प्राकृत वैयाकरणांनींच नोंदून ठेविलें आहे. म्हणूनच आपण उंट म्हणतों, वीट म्हणतों. उंठ आणि वीठ म्हणत नाहीं. सबब ‘विठ्ठल’मधला ठकार विटेंतून निघत नाहीं, तो ‘स्थल’ शब्दांतून आणावा लागतो. शिवाय इष्टकेच्या आरंभीं वकार नाहीं. हिंदींत ईंट, कानडींत इट्टिगे. वकाराची जोड मराठीची. मग कर्नाटकांत हें दैवत वकारासह ज्या नांवानें ओळखलें जातें तें नांव मराठींतूनच तिकडे गेलें असें मानणें भाग पडतें, आणि तसें मानण्यास विटेच्या कथेखेरीज दुसरा आधार उरत नाहीं. आम्हांस उलटाच क्रम संभवनीय वाटतो: नांव आधीं होतें, मूर्तीहि आधीं होती, आणि दोहोंचा मेळ घालणारी कथा नंतर जुळून आली.

दुसरी व्युत्पत्ति पंडितांची. ‘धर्मसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय हे पंढरपूरचेच. त्यांच्या नांवावर असलेल्या स्पष्टीकरणांत शब्दाचीं अक्षरें सुटीं केलेलीं आहेत: ‘वित्’ म्हणजे ज्ञान, ‘ठ’ म्हणजे शून्य, ‘ल’ म्हणजे घेणारा, ज्ञानानें जे शून्य त्यांना जवळ घेणारा तो विठ्ठल. याला व्युत्पत्ति म्हणणें बरोबर होणार नाहीं. ही निरुक्ति आहे. यास्कापासून आपल्याकडे ही रीत चालत आली असून शब्दाचें मूळ शोधण्यापेक्षां शब्दांत आपल्याला काय दिसतें तें सांगणें हा तिचा हेतु असतो. या रीतीनें कोणत्याहि शब्दाचा कोणताहि अर्थ लावतां येतो, हा तिचा भाषाशास्त्रीय दोष उघड आहे. परंतु पंडितानें अनेक शक्य अर्थांतून हाच एक निवडला, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. तिच्याकडे आपण शेवटीं परत येऊं.

तिसरी व्युत्पत्ति राजवाड्यांच्या नांवाशीं जोडली जाते, आणि ती फार चतुर आहे. पाणिनीचें एक सूत्र आहे कीं, वि, कु, शमि आणि परि यांच्यापुढें ‘स्थल’ शब्द आला असतां त्यांतील सकाराचा षकार होतो. अर्थात् ‘विष्ठल’ असा शब्द सिद्ध होतो. विष्ठल म्हणजे दूरचें, वस्तीपासून तुटलेलें, रानवट स्थळ. आणि अशा स्थळींचा देव तो विठ्ठल. ध्वनींच्या दृष्टीनें ही व्युत्पत्ति निर्दोष आहे. ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ होणें हा नियमच आहे, वकार आहे, लकारहि आहे. पण ध्वनि जुळले म्हणजे सर्व झालें असें नाहीं. विष्ठल हें स्थळाचें नांव आहे, देवाचें नव्हे. या शब्दावरून देवाला हांक मारल्याचा कांहींतरी मागमूस वाङ्मयांत किंवा लेखांत दिसावयास हवा होता. केवळ सूत्रांत शब्द आहे म्हणून तो भीमेच्या कांठच्या गुराख्यांच्या तोंडीं होता असें म्हणतां येत नाहीं. व्याकरणानें शक्य ठरविलेलें आणि इतिहासांत घडलेलें यांतील अंतर या व्युत्पत्तींत ओलांडलें गेलेलें नाहीं.

चौथें मत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें. वैष्णव, शैव व इतर पंथांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं विठ्ठल हें ‘विष्णु’ शब्दाचेंच कानडी वळणाचें रूप आहे असें प्रतिपादन केलें. या मताचें बळ नीट समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. उत्तरेकडील प्राकृतांत ‘ष्ण’चा ‘ण्ह’ होतो. कृष्णाचा कण्ह व पुढें कान्हा झाला. उष्ण शब्दाचें ऊन झालें. तृष्णेची तहान झाली. त्या न्यायानें विष्णूचें रूप विण्हु असें होतें. म्हणजे मराठीच्या स्वतःच्या वाटेनें विष्णूपासून विठ्ठल कधींहि निघाला नसता. परंतु दक्षिणेकडील भाषांत ‘ष्ण’चा ‘ट्ट’ होतो. कृष्णाचा किट्टि, किट्टप्पा होतो. तमिळ आळवारांपैकीं पेरियाळवार यांचें मूळ नांव विष्णुचित्त. तमिळांत तें विट्टुचित्तन् असें लिहितात. होयसळ वंशांतील प्रसिद्ध राजा विष्णुवर्धन याचें दुसरें नांव बिट्टिदेव. बिट्टि म्हणजे विष्णूच. तेव्हां विष्णु, विट्टु अथवा बिट्टि, आणि त्यापुढें विठ्ठल ही परंपरा कल्पनेची नसून तिच्या प्रत्येक पायरीला दुसरीकडची साक्ष आहे.

बिट्टिदेवावरूनच देवाचें नांव पडलें, असेंहि एक मत मांडलें गेलें आहे. राजांच्या नांवावरून देवालयांना नांवें मिळाल्याचीं उदाहरणें दक्षिणेंत पुष्कळ आहेत हें खरें. पण तेथें राजाच्या नांवाला ‘ईश्वर’ हा शब्द जोडतात. तंजावरचें राजराजेश्वर किंवा हळेबीडचें होयसळेश्वर हे त्याचे नमुने होत. राजाचें घरगुती नांव जसेंच्या तसें देवाला मिळावें हें त्या प्रघाताला धरून नाहीं. देवावरून माणसाचें नांव ही आपली नेहमींची रीत आहे. बिट्टिदेवाच्या बाबतींतहि तीच खरी धरावी.

भांडारकरांच्या मतांत कच्चे दुवे नाहींत असें नाहीं. अस्सल कानडी शब्दांत महाप्राण ध्वनि सहसा येत नाहींत. मग ठकार कोठून आला? तो मराठींत आल्यावर मूठ-दीठ यांच्या जुन्या रूपांच्या वजनावर आला असावा. शेवटचा लकार हा प्राकृतांत स्वार्थीं लागणारा प्रत्यय म्हणतां येतो. विद्युत् शब्दाचें विज्जुला आणि अंधाचें अंधल होतें तसें. पण त्या एकेरी लकाराचा मराठींत ळकार होतो. म्हणूनच आपण आंधळा म्हणतों. विठ्ठलाचा विठ्ठळ मात्र झाला नाहीं. तसेंच दिट्ठीची दीठ होतांना जोडाक्षर सुटलें, तें विठ्ठल शब्दांत तसेंच राहिलें. हीं लक्षणें एकाच दिशेला बोट दाखवितात: हा शब्द मराठीच्या जन्मापासून तिच्या घरांत वाढलेला नसून, मराठी घडून गेल्यावर तिच्यांत आलेला आहे. जें आपलें करून घेतलें तें ‘विठोबा’ आणि ‘विठू’ या रूपांत. तेथें जोडाक्षर सुटलें, आणि ‘ज्ञानोबा’, ‘खंडोबा’ यांच्या पंक्तीला देव येऊन बसला.

पांडुरंग या जोडनांवाची हकीकतहि याला पुष्टि देते. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या वर्णाचा. आणि पंढरीची मूर्ति तर काळी. पंढरपुरांतील इ. स. १२३७ च्या होयसळ सोमेश्वराच्या शिलालेखांत गांवाचें नांव ‘पंडरगे’ असें आहे. पंडरगे या कानडी ग्रामनामाला संस्कृत पोषाख चढवून पांडुरंग झालें, आणि मग त्या पोषाखावरून अंगाचा रंग ठरविण्याची पाळी आली! हेमचंद्राच्या देशी शब्दांच्या कोशांत ‘पंडरंग’ हें रुद्राचें नांव म्हणून येतें. त्यामुळें या स्थळीं शैव व वैष्णव प्रवाह कसे मिसळले हाहि प्रश्न उभा राहतो. आमच्या विषयापुरतें इतकेंच कीं, देवाच्या नांवाला संस्कृत अर्थ चिकटला म्हणजे तें नांव संस्कृतांतून आलें असें समजण्याचें कारण नाहीं.

या विषयावर मराठींत झालेला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ सालचा ग्रंथ. साहित्य अकादमीनें त्याचा गौरव केला आणि पुढें ॲन फेल्डहाउस यांनीं तो इंग्रजींत नेला. विठ्ठल हा मुळांत गवळी-धनगरांचा देव, आणि त्याचें वैष्णवीकरण मागाहून झालें, असा ढेऱ्यांचा सिद्धांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील पट्टणकोडोली येथें विठ्ठल आणि बिरदेव यांची जोडी आजहि धनगर समाज पूजितो; असे अनेक धागे त्यांनीं गोळा केले आहेत. या ग्रंथाचें खरें सामर्थ्य दैवताच्या इतिहासांत आहे, आणि वाचकानें तें तेथेंच शोधावें. नांवाच्या प्रश्नावर मात्र या सिद्धांतामुळें एक नवी अडचण येते. देव मूळचा विष्णु नव्हता, तर त्याचें नांव विष्णूवरून कसें पडलें? याचें उत्तर आम्हांस असें दिसतें कीं, देवाचा उगम आणि नांवाचा उगम एकाच वेळचा असण्याची गरज नाहीं. अनाम किंवा दुसऱ्या नांवाच्या देवाला बिट्टि-विठ्ठल हें नांव मिळणें ही त्याच्या वैष्णवीकरणाचीच पहिली खूण असूं शकेल. तसें पाहतां ढेरे आणि भांडारकर यांच्यांत वाटतो तेवढा विरोध राहत नाहीं.

एकूण पाहतां भांडारकरांचा मार्ग आम्हांस सर्वांत समाधानकारक वाटतो. तो मान्य करण्यास मराठी मनाला जो संकोच होतो त्याचें कारण शास्त्रीय नाहीं. ज्ञानदेवांच्या नांवावरील एका प्रसिद्ध अभंगांत देवाला ‘कानडा’ म्हटलें आहे. तेथें कानडा म्हणजे आकळण्यास कठीण, असा अर्थ कित्येक टीकाकार आग्रहानें करतात. तो अर्थ मराठींत आहे हें खरें. परंतु परकी भाषा कळत नाहीं म्हणूनच तर ‘कानडा’ शब्दाला दुर्बोध हा अर्थ आला! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमेचा वाद उभा राहिला आणि दोन्ही बाजूंस जुने शब्द साक्षीदार म्हणून ओढले जाऊं लागले. शब्दाचा उगम म्हणजे मालकीहक्काचा कागद नव्हे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांत दोन्ही भाषा शेजारीं नांदल्या, आणि एकीनें दुसरीला देवाचें नांव दिलें, यांत कोणाची मानहानि झाली?

आतां माणसाचें नांव म्हणून विठ्ठल कोठें कोठें गेला तें पाहूं. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत; म्हणजे १२९० सालीं ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्याच्या एक पिढी आधींच आपेगांवच्या कुलकर्णी घराण्यांत हें नांव रूढ होतें. नामदेवांच्या चार मुलांपैकीं एकाचें नांव विठा. तुकोबांच्या एका मुलाचें नांव विठोबा. कुलकर्ण्याच्या, शिंप्याच्या आणि कुणबी वाण्याच्या घरीं एकच नांव. पानिपतच्या मोहिमेंत विंचूरकर सरदार विठ्ठल शिवदेव होते. कानडी मुलुखांत हरिदासांनीं आपल्या पदांची मुद्रा म्हणून तें घेतलें. पुरंदरदास ‘पुरंदरविठ्ठल’ म्हणून ओळखले जातात. गुजरातेंत तें पुष्टिमार्गानें नेलें. वल्लभाचार्य पंढरपुरास आले होते असें त्या संप्रदायांत सांगतात. त्यांच्या मुलाचें नांव विठ्ठलनाथ, आणि त्यांच्यामुळें तिकडे विठ्ठलदास, विठ्ठलभाई हीं नांवें घरोघर झालीं. १८७३ या एकाच वर्षीं दोन विठ्ठल जन्मले. एक विठ्ठलभाई पटेल, जे १९२५ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले हिंदी अध्यक्ष झाले. दुसरे विठ्ठल रामजी शिंदे. कानडी मुलुखांतील जमखंडीस एका मराठा वारकऱ्याच्या घरीं जन्मलेले. १९०६ सालीं अस्पृश्य गणलेल्या वर्गांसाठीं मिशन काढून त्यांनीं आपलें आयुष्य त्याला वाहिलें. एकच नांव इतक्या भाषांत व इतक्या थरांत वावरल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

खेड्यांत त्याचा इठ्ठल, इठोबा होतो. विंचवाचा इंचू व्हावा तसा. मुलीसाठीं विठाबाई होते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही कीं, पुरुषवाचक असलेलें हें नांव संतांनीं ‘विठाई’ करून आईला दिलें. नांवांच्या पुस्तकांतील एका ओळींत यांतलें काय मावणार?

येथें अर्थाचा प्रश्न पुन्हां उभा राहतो, आणि तो सुखाचा नाहीं. ज्ञानशून्यांना जवळ घेणारा, असें उपाध्यायांनीं नांवाचें विवरण केलें. पण ज्यांना विद्येचा अधिकारच नाकारला गेला होता त्यांना त्याच देवाच्या देवळांत पाऊल टाकतां येत नव्हतें. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर आहे. त्यांना देव जवळचा होता, देऊळ नव्हतें. या विसंगतीवर बोट ठेवून मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण केलें, आणि मंदिराचें दार उघडलें. नांवाचा जो अर्थ पोथींत दीडशें वर्षें आधीं लिहिला गेला होता तो दारापाशीं खरा होण्यास असा काळ लागला. आम्हांस तर वाटतें कीं, त्या निरुक्तीला व्युत्पत्तीचा दर्जा नसला तरी तिची सत्यता पडताळण्याची जागा व्याकरण नसून व्यवहार आहे. भाषाशास्त्र म्हणतें, हा विष्णूचा कानडी उच्चार. कथा म्हणते, आईबापांच्या सेवेसाठीं थांबलेला देव. पंडित म्हणतो, अज्ञान्याला जवळ घेणारा. बाई जात्यावर म्हणते, विठाई. पहिलें विधान उगमाचें आहे आणि तेवढ्यापुरतें तें खरें मानावें. बाकीचीं तीन अर्थाचीं आहेत, आणि तीं माणसांनीं आपल्या गरजेनें, दुःखानें व आशेनें शब्दांत भरलेलीं आहेत.

म्हणून नांव निवडतांना कोशांतला अर्थ शोधणाऱ्या आईबापांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सुंदर अर्थाचीं नवीं नांवें ठेवूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. मुलाचें नांव हा आईबापांच्या आवडीचा विषय आहे आणि तो तसाच असावा. परंतु एखादें नांव टाकावयाचें तर तें जुनें वाटतें, शाळेंत मुलें चिडवतील, अशीं खरीं कारणें सांगून टाकावें. त्याला अर्थ नाहीं असें म्हणूं नये. कोशांत ज्याचा अर्थ एका शब्दांत संपतो अशीं नांवें हवीं तितकीं मिळतील. ज्याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या लोक भरीत आले, आणि जो पुरता खरा करून दाखविण्याचें काम अजून शिल्लक आहे, अशीं नांवें थोडीं. त्यांपैकीं विठ्ठल हें एक आहे.